किंक्रांत, आईस्क्रीम आणि करिअप्पा

आमच्या सोसायटीच्या गेटपाशी, वॉचमनच्या केबिनला लागून एक पांढरा बोर्ड आहे. पाणी किती वाजता सोडणार, लिफ्ट कधी बंद, पार्किंगमध्ये कुणाची गाडी आडवी लागलीये असलं सगळं त्यावर असतं आणि वरच्या कोपऱ्यात बी विंगमधली कॉलेजात जाणारी एक मुलगी रोज दिनविशेष लिहिते. तिला कुणी सांगितलेलं नाही, शाळेत फळ्यावर लिहायची सवय होती ती सुटली नाही एवढंच. तर यंदा १५ जानेवारीला तिने लिहिलं होतं, भारतीय सेना दिन, कंसात स्थापना १९४९, त्याखाली किंक्रांत, त्याखाली खाशाबा जाधव जयंती आणि सगळ्यात शेवटी स्ट्रॉबेरी आईस्क्रीम डे. या शेवटच्यापुढे लाल मार्करने आईस्क्रीमचा एक कोन काढलेला, बऱ्यापैकी जमला होता. नऊच्या आत कुणीतरी तो कोन पुसला, दहाला ग्रुपवर पहिला मेसेज पडला की तिकडे सियाचीनला पोरं गोठतायत आणि इकडे तुम्हाला आईस्क्रीम सुचतंय, आणि दुपारपर्यंत शंभराच्या वर मेसेज. एका बाजूला "हा शहिदांचा अपमान आहे", दुसऱ्या बाजूला "काका जरा चिल करा ना". मुलीच्या आईने शेवटी सॉरी लिहिलं, हात जोडलेला इमोजी टाकला आणि विषय संपला म्हणे.

माझ्या मते विषय सुरूच झाला नव्हता. सेना दिनाच्या खाली आईस्क्रीम लिहिल्याने सेनेचं काही बिघडत नाही. बिघडतं ते सेना दिन म्हणजे काय हेच माहीत नसल्याने, आणि त्या शंभर मेसेजमध्ये ते एकालाही माहीत नव्हतं. कारण बोर्डावर एक खरोखरची चूक होती, चांगली ठळक निळ्या अक्षरात, आणि तिच्याकडे कुणी बघितलंही नाही. ती संध्याकाळी डी विंगमधल्या रिटायर नायब सुभेदारांनी दाखवली. दुधाची पिशवी हातात घेऊन बोर्डासमोर उभे होते, म्हणाले, "स्थापना कुठली हो, त्या दिवशी करिअप्पा साहेबांनी चार्ज घेतला." बस. आईस्क्रीमबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

चार्ज घेतला हे अगदी बरोबर आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला पण फौजेचा सर्वोच्च अधिकारी पुढचे सतरा महिने इंग्रजच होता. १५ जानेवारी १९४९ ला जनरल सर फ्रान्सिस रॉय बुचर यांच्याकडून के. एम. करिअप्पांनी कमांडर-इन-चीफ म्हणून सूत्रं घेतली, त्या खुर्चीत पहिला भारतीय माणूस बसला, तो हा दिवस. सेना त्याच्या कितीतरी आधीची. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात, ती १७६८ ची आहे. मुंबई, मद्रास, बंगाल अशा वेगवेगळ्या प्रेसिडेन्सींच्या फौजा होत्या त्या एकत्र करून एकच भारतीय सेना केली ती १८९५ साली, १ एप्रिलला. म्हणजे स्थापनाच साजरी करायची म्हटली तर ती एप्रिल फूलच्या दिवशी करावी लागेल, मग आमच्या ग्रुपवर काय झालं असतं कल्पना करा. तर सांगायचं असं की हा दिवस मुळात शोकाचा नाहीच. स्वतःच्याच घराची किल्ली सतरा महिने दुसऱ्याकडे होती ती हातात आली, त्याचा हा दिवस आहे आणि किल्ली मिळाल्याच्या दिवशी माणसं पेढे वाटतात. युद्ध स्मारकावर त्या दिवशी पुष्पचक्र वाहतात ते योग्यच आहे, पण लग्नातही आपण आधी देवक बसवून पितरांची आठवण काढतो, म्हणून लग्न काही श्राद्ध होत नाही. उलट २६ जुलै घ्या. कारगिल विजय दिवस नावाला विजयाचा आहे पण त्याच्या पोटात ५२७ मरणं आहेत, ती तारीख अजून ताजी आहे, त्यातल्या अनेकांचे आईवडील अजून हयात आहेत. तिथे कुणी बाजूला कोन काढला तर मीही म्हणेन बाई हे राहू दे. सगळ्या फौजी तारखा एकाच सुतकात बसवायच्या हा आळस आहे, आदर नाही.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं नीट घेतो, कारण ग्रुपवर ते नीट मांडलंच गेलं नाही, नुसतं ओरडून सांगितलं गेलं. पहिला मुद्दा असा की सगळ्याच गोष्टी एका ओळीत आल्या की सगळ्या सारख्याच वजनाच्या वाटायला लागतात. एकीकडे लाखो माणसांची आयुष्यभराची नोकरी, दुसरीकडे कुठल्यातरी परदेशी कॅलेंडरातून आलेला आईस्क्रीमचा दिवस, ज्याला ना इतिहास ना भूगोल. मोबाइलवर अंगठा सरकवत जाणाऱ्या पोराला दोन्ही तेवढेच, अडीच सेकंद. हे खरं आहे. दुसरा मुद्दा याहून जड आहे, की फौजेतला माणूस स्वतःवर हसतो तो त्याचा हक्क आहे, त्याने किंमत मोजलीये, तुम्ही गॅलरीत चहा पीत काय म्हणून हलकं घेताय? या मुद्द्यापुढे मी बराच वेळ गप्प बसलो होतो. माझ्या घरात कुणी फौजेत नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, घराघरातून पिढ्यान्‌पिढ्या माणूस फौजेत गेलाय म्हणून गावाच्या नावातच मिलिटरी, तिथल्या बाईने मला हा प्रश्न विचारला तर मी खाली बघेन.

पण खाली बघून झाल्यावर विचार करतो तर वाटतं, त्या मुलीने फौजेवर विनोद कुठे केला होता? तिने दोन गोष्टी शेजारी लिहिल्या. शेजार म्हणजे तुलना नव्हे. आईच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे त्यात १५ जानेवारीचा चौकोन बघा, छापील अक्षरात करिदिन, म्हणजे किंक्रांतच, बारीक अक्षरात सेना दिन, आणि त्यावरच बॉलपेनने "दूध नाही" असा खाडा, कोपऱ्यात सिलेंडर लावल्याची खूण. आणि पान उलटलं की मागे पदार्थाची कृती. पन्नास वर्षं महाराष्ट्रातल्या घराघरांत हे असंच चालू आहे, कुणाला कधी वाटलं नाही की दुधाच्या खाड्याने जवानाचा अपमान झाला. पेपरातलं दिनविशेषाचं सदर तर त्याहून पुढचं, त्यात नट जन्मतो, संत समाधी घेतो, रेल्वे धावते आणि तह होतो, सगळं एकाच कॉलमात एकाखाली एक. दिवस हा असाच असतो, त्यात सगळं मावतं. तो एकट्या कुणाला आंदण दिलेला नसतो.

(जाता जाता, करिअप्पांचा दिवस बऱ्याच वर्षी करिदिनाला येतो हे कुणाच्या लक्षात आलं होतं का? किंक्रांतीला शुभ काम करू नये म्हणतात. आपली फौज दरवर्षी त्याच दिवशी संचलन करते आणि अजून तरी काही अडलेलं नाही. २०२४ ला तर संक्रांतच १५ ला आली होती, म्हणजे तिळगूळ आणि सेना दिन एकत्र, तेव्हा कुणी म्हणलं नाही की आधी सॅल्यूट करा मग गोड बोला.)

संक्रांतीचा विषय निघालाच आहे तर पानिपतही काढतो कारण ग्रुपवर एकाने ते काढलंच होतं. १४ जानेवारी १७६१, मराठ्यांची एक पिढी एका दिवसात गेली, आणि आपण त्याच दिवशी हलव्याचे दागिने घालून फोटो काढतो असा त्यांचा टोमणा होता. पहिली गोष्ट म्हणजे पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालं हा आपला गोड गैरसमज आहे. संक्रांत १४ जानेवारीला खिळलेली नसते, ती हळूहळू पुढे सरकते, विवेकानंदांचा जन्म १८६३ च्या संक्रांतीचा आणि तारीख होती १२ जानेवारी. पानिपत त्याच्याही शंभर वर्षं आधी, तेव्हा संक्रांत अजून अलीकडे यायची. म्हणजे लढाई झाली तेव्हा सण होऊन गेलेला होता, दोन तारखा नंतर सरकत सरकत एकमेकींना भेटल्या. पण धरून चालू की दिवस एकच. मग काय करायचं? अडीचशे वर्षं महाराष्ट्राने काय केलं ते बघा ना. "संक्रांत कोसळली" असं आपण अनर्थाला म्हणतो, "पानिपत झालं" हा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात घेतला, आणि त्याच तोंडाने तिळगूळ घ्या गोड बोला म्हणतो. कुणी सण बंद केला नाही आणि कुणी पानिपत विसरलंही नाही. दुःख आणि गूळ एका घरात ठेवायचं शहाणपण या समाजाकडे आहे आणि आपण ते एका बोर्डापायी सोडून द्यायला निघालोय.

तानाजीचं उदाहरणही आलं, ते येणारच होतं. आधी लगीन कोंढाण्याचं! मराठा लाइट इन्फंट्री कोंढाणा घेतल्याची आठवण म्हणून ४ फेब्रुवारीला मराठा दिन पाळते, आणि लोकांना वाटतं या वाक्याने वाद मिटला, आधी कर्तव्य, मौजमजा बाजूला. पण वाक्य अर्धंच का म्हणता? "मग माझ्या रायबाचं" हेही त्यातच आहे. लग्न मोडलं नव्हतं, पुढे ढकललं होतं, आणि नंतर महाराजांनी पुढे होऊन रायबाचं लग्न लावलं असं सांगतात. सिंह गेला त्या घरात पुन्हा मांडव पडला, हळद लागली, पंगती उठल्या. मला विचाराल तर त्या गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग तोच आहे आणि पोवाडा म्हणणारे सोडले तर तो कुणी सांगत नाही.

बाहेरच्या देशांत काय चालतं तेही बघू. इंग्लंडचं रॉयल एअर फोर्स १९१८ साली स्थापन झालं ते चक्क १ एप्रिलला. म्हणजे गेली शंभर वर्षं त्यांचा वर्धापनदिन आणि एप्रिल फूल एकाच दिवशी, दरवर्षी, न चुकता. १९४० मध्ये त्याच हवाई दलाने जर्मन विमानांना आकाशात अडवलं आणि देश वाचवला. तारखेमुळे कुणाचा नेम चुकला का? अमेरिकन मरीनची जन्मकथा तर दारूच्या गुत्त्यात सुरू होते, १७७५ साली फिलाडेल्फियातल्या टन टॅव्हर्नमध्ये पहिली भरती झाली असं ते स्वतःच अभिमानाने सांगतात, आणि दरवर्षी १० नोव्हेंबरला जिथे असतील तिथे तलवारीने केक कापतात, सगळ्यात वयस्कर मरीन एक तुकडा घेतो आणि सगळ्यात तरुण मरीनच्या हातात देतो. केक! याहून पोरकट पदार्थ आहे का? पण तो तुकडा हातातून हातात जाताना बघितला की कळतं परंपरा कशी चालते. तिकडे हवाई दलाच्या दिवशी, १८ सप्टेंबरला, चीजबर्गर डे असतो, कोस्ट गार्डच्या दिवशी चॉकलेट चिप कुकीचा. लोक दोन्ही साजरे करतात आणि घरी जातात.

त्याच अमेरिकेत खरा वाद कशावरून झाला? १४ जून २०२५, त्यांच्या लष्कराला अडीचशे वर्षं झाली, वॉशिंग्टनमध्ये रणगाडे उतरवून मोठी परेड केली, आणि नेमका त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा ७९ वा वाढदिवस. लोक रस्त्यावर उतरले ते या शेजाराबद्दल. १४ जूनला त्यांच्याकडे स्ट्रॉबेरी शॉर्टकेकचाही दिवस असतो, त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचं ऐकलं नाही. कारण सैन्याच्या दिवसाला धोका फालतू गोष्टींचा नसतोच, फालतू गोष्ट आपली बाजूला बसून असते, तिला सैन्याकडून काही नको असतं. धोका असतो तो सैन्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढणाऱ्या मोठ्या गोष्टींचा. आपल्याकडे सेना दिनाची चौकातली फ्लेक्स बघा, जवान खाली बोटभर, वर शुभेच्छुक हातभर आणि बाजूला त्यांच्या अकरा कार्यकर्त्यांचे गोल फोटो. सेलच्या जाहिराती बघा, सॅल्यूट ऑफर, फ्लॅट चाळीस टक्के. या फ्लेक्सवर कधी शंभर मेसेज पडले आमच्या ग्रुपवर? एकही नाही. आणि कोन पुसणारा हात त्या फ्लेक्सपर्यंत का पोचत नाही, ते कोनाला कार्यकर्ते नसतात म्हणून.

गांभीर्यानेच मान राहतो असं म्हणणाऱ्यांना मालवणची आठवण करून द्यायला मला स्वतःला वाईट वाटतं, पण देतो. ४ डिसेंबर हा नौदल दिन, १९७१ मध्ये निर्घात, निपात आणि वीर या लहानशा क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर रात्री हल्ला चढवला त्याची आठवण. २०२३ ला तो आपल्या सिंधुदुर्गात झाला, राजकोट किल्ल्यावर महाराजांचा ३५ फुटी पुतळा उभारला, पंतप्रधान आले, सगळं भव्य, गंभीर, छाती भरून यावी असं. त्या कार्यक्रमात कुठेही कुकी नव्हती की आईस्क्रीम नव्हतं. २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला, नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. मान कशात होता आणि कशात नव्हता? भव्यतेत तर नव्हता. तो वेल्डिंगमध्ये होता, गंजाकडे लक्ष ठेवण्यात होता, म्हणजे कामात होता. ज्याला सिंधुदुर्ग बांधताना पायात शिसं ओतलं होतं ही गोष्ट नुसती पाठ नाही तर कळलीये त्याने हे काम असं केलं नसतं.

फौजेलाच विचारा ना हलकेपणाचं काय ते. ज्यांच्या नावाने हा दिवस आहे त्या करिअप्पांचाच एक किस्सा छावण्यांत सांगतात, खरा की रचलेला देव जाणे. त्यांचं हिंदी बेताचं, इंग्रजी वळणाचं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जवानांसमोर फ्रीचं हिंदी शोधता शोधता म्हणाले, आज आप मुफ्त, हम मुफ्त, मुल्क भी मुफ्त! फौजी माणूस हे हसत हसत सांगतो आणि लगेच त्याच दमात दुसरी गोष्ट सांगतो, की १९६५ ला त्यांचा मुलगा, हवाई दलात होता, तो पाकिस्तानच्या हाती लागला, तिकडे अयुब खान, करिअप्पांच्या हाताखाली काम केलेला माणूस, त्याने मुलाला सोडायची तयारी दाखवली, आणि बापाने माझ्या मुलाला वेगळी वागणूक नको म्हणून नाकारली. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत. पहिलीने दुसरी लहान झाली का? मला तर उलट वाटतं, मुफ्त म्हणणारा माणूस ओळखीचा होतो, आणि ओळखीच्या माणसाने असं काही केलं की काटा येतो. पुतळ्याने केलं तर येत नाही.

आणि हेच मला त्या हक्काच्या मुद्द्याला उत्तर म्हणून सांगायचंय. साध्या माणसाने फौजेपुढे फक्त सावधान उभं राहावं असं ठरवलं की होतं काय, तो जवळच जात नाही. लांबून सॅल्यूट ठोकून मोकळा. शाळेत आम्हाला ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला सर प्रत्येकी दहा कागदी झेंडे द्यायचे, विकून पैसे आणा म्हणून. आम्ही कुणी दारोदार गेलो नाही, दहाच्या दहा वडिलांनी घेतले, चार दिवस ते टेबलाच्या खणात टाचण्यांसकट पडून होते, मग नवरात्राच्या उरलेल्या वातींबरोबर कुठेतरी गेले. तो पैसा माजी सैनिकांना, वीरपत्नींना, जायबंदी जवानांना जातो, १९४९ पासून जातोय, हे मला पस्तिशीत कळलं. कारण वर्गात त्या दिवशी वातावरण इतकं गंभीर असायचं की प्रश्न विचारायची कुणाची टाप नव्हती. आदर शिकवला, माहिती दिलीच नाही.

याच्या उलट २०२५ चा जानेवारी. सेना दिनाचं संचलन पुण्यात होतं, खडकीला, आणि त्याआधी रेसकोर्सवर फौजेने मेळा भरवला होता. मेळा हा शब्द त्यांचाच बरं का. मी भाच्याला घेऊन गेलो, सात वर्षांचा. रणगाड्यावर पोरं माकडासारखी चढलेली, बायका नातवंडांना तोफेशेजारी उभं करून "इकडे बघ, हस" करतायत, चार पायांचं यंत्र लुटुलुटु चालताना बघून सगळे "रोबो कुत्रा, रोबो कुत्रा" ओरडतायत आणि तिथला हवालदार बिचारा तिसऱ्यांदा सांगतोय की कुत्रा नाही, खेचर आहे ते, सामान वाहतं. बर्फातल्या कपड्यांच्या स्टॉलवर भाच्याने जवानाला विचारलं, काका एवढे कपडे घालून तुम्ही शूला कसे जाता? मी मान खाली घातली. जवान मोठ्याने हसला, कोल्हापूरकडचा होता, खाली बसला आणि नीट सांगितलं, कसं दोरी बांधून जातात, उघड्या बोटाने लोखंडाला हात लावला तर कातडी कशी चिकटते, तीन-तीन महिने अंघोळ कशी नसते. भाचा ऐकत राहिला. घरी येताना रिक्षात म्हणाला, त्यांना वास येत असेल ना, आणि थोड्या वेळाने, त्यांची आई कुठे असते? एवढं मी त्याला सियाचीनबद्दल दहा वर्षांत सांगू शकलो नसतो. आणि हे सगळं एका चावट प्रश्नातून निघालं, सावधान उभं राहून निघालं नसतं. ग्रुपवर सियाचीनची पोरं गोठतायत लिहिणाऱ्यांनी ती पोरं शूला कशी जातात याचा कधी विचार केला असेल असं मला वाटत नाही.

चिल करा म्हणणाऱ्यांनाही सोडत नाही. त्यांनाही त्या दिवसाचं काही पडलेलं नव्हतं, त्यांना फक्त काकांना डिवचायचं होतं. आईस्क्रीम डे लिहा ना, पण वरची ओळ बरोबर लिहा, एवढं कष्ट घ्या. मुलीला मी संध्याकाळी नायब सुभेदारांचं म्हणणं सांगितलं तर तिने मोबाइल काढून तिथल्या तिथे बघितलं, "अय्या खरंच" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात बारीक अक्षरात दुरुस्ती, काल चुकून स्थापना लिहिलं होतं, करिअप्पांनी पदभार घेतला तो दिवस. खाली पाणी साडेसहाऐवजी सातला. तिच्याकडून चूक झाली होती, ती एकटीच ती सुधारायला गेली.

बाकी ज्यांनी सगळ्यात जास्त मेसेज टाकले होते ते गृहस्थ मला तेव्हाच जिन्यात भेटले. मी आपलं सहज विचारलं, काय हो, करिअप्पांच्या आधी लष्करप्रमुख कोण होतं? त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, माणेकशॉ. मी काही बोललो नाही, लिफ्ट बंद होती आणि अजून तीन मजले बरोबरच चढायचे होते.